स्वतः कंपाइल केलेलं एलएस-डायना लायसन्सवर अडलं, तर काय करायचं?

एलएस-डायना या सिम्युलेशन सॉफ्टवेअरसाठी स्वतःचं मटेरियल मॉडेल (पदार्थ ताणाखाली कसा वागतो त्याचं गणित) फोरट्रानमध्ये लिहिलं, दोन दिवस कंपायलरशी झटापट केली, एक्झिक्युटेबल (चालवायची फाइल) तयार झालं. रन लावला आणि काही सेकंदांतच स्क्रीनवर ओळ उमटली: ‘लायसन्स रुटीन्स फोर्सिंग प्रीमॅच्युअर कोड टर्मिनेशन’, म्हणजे लायसन्सच्या तपासणीने प्रोग्राम मध्येच थांबवला. अशा वेळी माणूस हमखास एक तर कोड पुन्हा कंपाइल करायला घेतो, नाहीतर लायसन्स सांभाळणाऱ्या अॅडमिनला फोन लावतो. दोन्हीची घाई नको. चूक कुठल्या बाजूला आहे हे दहा मिनिटांत कळतं आणि ते कळलं की निम्मं काम झालं.

त्यासाठी आपण नेमकं काय कंपाइल करतो ते लक्षात घ्या. एलएस-डायनाचा पूर्ण सोर्स आपल्या हातात कधीच येत नाही. मिळतं ते ऑब्जेक्ट पॅकेज: लिबडायना ही आधीच कंपाइल झालेली लायब्ररी, एक मेकफाइल आणि काही फोरट्रान फाइली. त्या फाइलींत यूमॅट ४१ ते यूमॅट ५० या सबरुटीन आपलं मटेरियल मॉडेल लिहायला मोकळ्या ठेवलेल्या असतात. लायसन्स तपासणारा भाग त्या बंद लायब्ररीत असतो. त्यामुळे यूमॅटमधल्या ओळी खालीवर करून ही चूक सहसा जात नाही.

(कमांड आणि व्हेरिएबलची नावं इथे उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन लिपीत टाका, व्हेरिएबलची सगळी अक्षरं कॅपिटल.)

पायरी १: चूक लायसन्सचीच आहे ना?

संदेश पूर्ण वाचा. ‘एरर व्हाइल लोडिंग शेअर्ड लायब्ररीज’ असं दिसलं, तर गाडी लायसन्सपर्यंत पोचलेलीच नाही. एमपीआयची (एकच जॉब अनेक प्रोसेसरवर वाटून चालवणाऱ्या व्यवस्थेची) किंवा इंटेल कंपायलरची रनटाइम लायब्ररी सापडत नाही, एवढाच त्याचा अर्थ. एक्झिक्युटेबलवर एलडीडी ही लागणाऱ्या लायब्ररींची यादी देणारी कमांड चालवा आणि ‘नॉट फाउंड’ लिहिलेल्या ओळी बघा.

पायरी २: कंपनीकडून आलेलं मूळ एक्झिक्युटेबल चालवून बघा

संपूर्ण लेखातलं एवढंच लक्षात राहिलं तरी चालेल. त्याच नोडवर (क्लस्टरमधल्या त्याच संगणकावर), त्याच टर्मिनलमध्ये, एका एलिमेंटचं साधं मॉडेल घेऊन मूळ एक्झिक्युटेबल चालवा. आवृत्ती तीच हवी. एसएमपी (एकाच संगणकाची सामायिक मेमरी वापरणारं) की एमपीपी (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटणारं) आणि सिंगल की डबल प्रिसिजन हेही तेच हवं. तेही अडलं, तर दोष लायसन्स, नेटवर्क किंवा सेटिंगमध्ये आहे. ते चाललं आणि तुमचं अडलं, तर थेट चौथ्या पायरीवर जा.

पायरी ३: मूळही अडतंय

एलएस-डायनात लायसन्सच्या दोन पद्धती नांदतात. एलएसटीसी ही मूळ कंपनी २०१९ मध्ये अन्सिसने घेतली, तेव्हापासून जुनी आणि नवी अशा दोन्ही व्यवस्था लोकांकडे आहेत. तुमच्याकडे कुठली आहे ते आधी विचारून घ्या.

जुनी असेल, तर ‘एलएसटीसी_लायसन्स’ या व्हेरिएबलची किंमत ‘नेटवर्क’ हवी आणि ‘एलएसटीसी_लायसन्स_सर्व्हर’ मध्ये सर्व्हरचं नाव. पोर्ट नेहमीचा ३१०१०. मग ‘एलएसटीसी_क्यूरन’ कमांड ‘मायनस आर’ लावून चालवा. येणाऱ्या तक्त्यात यूज्ड, फ्री आणि मॅक्स असे रकाने असतात. फ्रीखाली ८ आणि तुम्ही मागताय १६ कोअर, तर उत्तर समोरच आहे. आदल्या दिवशी कुणीतरी जबरदस्तीने मारलेला जॉबही यादीत जागा अडवून बसलेला सापडतो. तो ‘एलएसटीसी_क्यूकिल’ने सोडवता येतो. मात्र ज्याचा जॉब आहे त्याला आधी विचारा. दुसऱ्याचा तीन दिवस चाललेला क्रॅश रन (वाहनाच्या धडकेचं सिम्युलेशन) चुकून मारण्याइतकं वाईट काही नाही.

नवी व्यवस्था असेल, तर ‘एलएसटीसी_लायसन्स’ला ‘अन्सिस’ द्या आणि ‘अन्सिसएलएमडी_लायसन्स_फाइल’मध्ये १०५५ पोर्टसह सर्व्हरचं नाव. यामागे फ्लेक्सनेट हे लायसन्स वाटणारं सॉफ्टवेअर असतं, त्याचे चुकीचे आकडे ओळखीचे करून घ्या. -१५ म्हणजे सर्व्हरशी जोडणीच झाली नाही, -५ म्हणजे असं फीचर लायसन्समध्ये नाही, -४ म्हणजे सगळी लायसन्सं वापरात आहेत, -१० म्हणजे मुदत संपली. १०५५ उघडा असूनही -१५ येत असेल, तर फायरवॉलकडे बघा. व्हेंडर डीमनचा (सर्व्हरवर प्रत्यक्ष लायसन्स देणाऱ्या कंपनीच्या प्रोग्रामचा) पोर्ट वेगळा असतो. लायसन्स फाइलमध्ये तो ठरवून दिला नसेल, तर सर्व्हर सुरू होताना दर वेळी बदलू शकतो.

आता माझा स्वतःचा शुक्रवार सांगते. लॉगिन नोडवर सगळं छान चालत होतं. जॉब क्यूमध्ये टाकून घरी गेले आणि सोमवारी बघते तर पहिल्याच मिनिटाला लायसन्सवर मेलेला. व्हेरिएबल मी बॅशआरसी या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये लिहिलं होतं, पण त्या फाइलच्या वरच्या बाजूला एक अट होती: शेल इंटरॅक्टिव्ह नसेल तर इथूनच परत फिर. माझी ओळ त्या अटीच्या खाली. टर्मिनलवर ती वाचली जायची, जॉबमध्ये नाही. उबुंटूत ही अट मुळातच घालून दिलेली असते. तेव्हापासून व्हेरिएबलच्या ओळी मी थेट जॉब स्क्रिप्टमध्ये लिहिते आणि सोल्व्हर (म्हणजे एलएस-डायना) चालवण्याच्या ओळीआधी ‘होस्टनेम’ व ‘एन्व्ह’ या दोन कमांड टाकते. कुठल्या नोडवर काय पोचलं ते लॉगमध्ये राहतं.

पायरी ४: मूळ चालतं, आपलं अडतं

पहिला संशय जागेचा घ्या. अन्सिस लायसन्सवर चालणाऱ्या आवृत्त्यांबरोबर लायसन्स मागण्यासाठी छोट्या सहायक फाइलीही येतात. आपण कंपाइल केलेली एकच फाइल उचलून घरच्या फोल्डरमध्ये आणतो आणि त्या मागेच राहतात. तुमचं एक्झिक्युटेबल मूळ फोल्डरमध्ये, वेगळ्या नावाने, ठेवून चालवा. चाललं, तर कारण सापडलं.

दुसरं, पॅकेजची आवृत्ती. ऑफिसात मूळ सोल्व्हर जुना आणि ऑब्जेक्ट पॅकेज मात्र नवं मागवलेलं, असं सर्रास होतं. मेंटेनन्सचा (नव्या आवृत्त्या मिळण्याचा) करार संपल्यानंतर आलेल्या आवृत्तीला जुनं लायसन्स नाकारू शकतं. पॅकेज फक्त जुन्या व्यवस्थेसाठी बांधलेलं असेल, तर त्याला ‘अन्सिस’ कळणारच नाही. दोन्ही एक्झिक्युटेबलचे रन डीथ्रीएचएसपी या आउटपुट फाइलपर्यंत पोचले असतील, तर तिच्या सुरुवातीच्या चौकटी शेजारी-शेजारी उघडा आणि आवृत्ती, रिव्हिजन, प्लॅटफॉर्म ओळीओळीने ताडून बघा.

हे जुळत असेल, तरच पुन्हा कंपाइल करा, तेही पॅकेजच्या नावात लिहिलेल्याच इंटेल फोरट्रान आवृत्तीने. त्या वेळी आपला कोड बाजूला ठेवा आणि पॅकेज आलं तसंच, एकही ओळ न बदलता कंपाइल करा. तेही लायसन्सवर अडलं, तर तुमच्या यूमॅटचा यात काही संबंध नाही.

अजूनही अडलंय, तर आता अॅडमिनला किंवा सपोर्टला लिहा. सोबत संदेशाचा पूर्ण मजकूर, नोडचं नाव, चुकीची वेळ, दोन्ही एक्झिक्युटेबलची रिव्हिजन आणि ‘मूळ चालतं, न बदललेलं पॅकेज कंपाइल करून चालत नाही’ हे एक वाक्य द्या. वेळ मिनिटापर्यंत लिहा, कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये ते तुमची विनंती त्याच मिनिटाला शोधणार आहेत.