होल ग्रीनकडून टीकडे वाचा

गोल्फमध्ये टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, उभं राहिलं की हात आपसूक ड्रायव्हरकडे, म्हणजे सर्वांत लांब मारणाऱ्या क्लबकडे (काठीकडे) जातो. जरा थांबा आणि होल, म्हणजे टीपासून झेंड्यापर्यंतचा मार्ग, उलटा वाचा. आज झेंडा ग्रीनच्या (शेवटच्या, अगदी आखूड गवताच्या भागाच्या) कोणत्या बाजूला आहे? डावीकडे, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) मागे असेल, तर फेअरवेची, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याची, उजवी बाजू गाठा; तिथून बंकर वाटेत येत नाही. मग तिथवर नेणारा क्लब निवडा, तो ड्रायव्हर असेलच असं नाही.

टी-बॉक्सची रुंदीही वापरा. उजवीकडे पाणी असेल तर उजव्या मार्करजवळ (टी-बॉक्सची हद्द दाखवणाऱ्या खुणेजवळ) टी, म्हणजे चेंडू ठेवायची खुंटी, लावून डावीकडे नेम धरा. भीतीने उलट बाजूला सरकणारे खूप दिसतात, आणि त्यांचा नेम नकळत पाण्याकडेच वळतो. मार्करच्या रेषेमागे २ क्लबच्या लांबीइतकं मागे जाण्याची मुभा असते. सपाट जागा शोधायला ती उपयोगी पडते.

ग्रीनवर मारताना अंतर झेंड्याचं नव्हे, ग्रीनच्या मध्याचं धरा. क्लब निवडताना तुमचा आयुष्यातला सर्वोत्तम फटका आठवू नका; एरवी चेंडू हवेतून जितका जातो तितकंच मोजा. झेंडा पुढच्या बंकरला खेटून असेल तर हे नक्की पाळा: मध्यावरून २ पटमध्ये (ग्रीनवर चेंडू घरंगळवणाऱ्या फटक्यांत) पार, म्हणजे होलसाठी ठरलेली फटक्यांची संख्या, मिळतो, बंकरमधून तो मिळवणं कठीण.