दंगल-नियंत्रणाच्या जुन्या फिल्म्स अभ्यासायला घेताना

अमेरिकेत पोलिसांना आणि सैनिकांना जमाव कसा हाताळावा हे शिकवायला काढलेल्या १९६०च्या दशकातल्या फिल्म्सवर मी काम सुरू केलं, तेव्हा पहिले दोन महिने नुसतं निवेदकाचं ऐकत होते. खर्जातला, ठाम आवाज. शिपायांची रांग पाचरीसारखी टोकदार कधी करायची, तिरकी कधी, अश्रुधूर कधी. माझी वही त्याच्याच वाक्यांनी भरली होती.

एका संध्याकाळी स्पीकर बंद पडला आणि तेच अकरा मिनिटांचं रीळ मुकं बघावं लागलं. तेव्हा जमावातल्या माणसांच्या पायांकडे लक्ष गेलं. सगळ्यांचे बूट एकसारखे! दंगलखोर म्हणून उभे केलेलेही सैनिकच होते. तेव्हापासून मी प्रत्येक फिल्म आधी आवाज बंद करून बघते आणि नवीन येणाऱ्यांनाही पहिलं हेच सांगते.

१९६७च्या उन्हाळ्यात नेवार्क आणि डेट्रॉइट या शहरांत दंगली झाल्या; नेवार्कमध्ये २६ आणि डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली. त्यानंतर लष्कराने व्हर्जिनियातल्या फोर्ट बेल्व्हॉर आणि जॉर्जियातल्या फोर्ट गॉर्डन इथे खोटी गावं उभारली. नाव ठेवलं ‘रायट्सव्हिल’, म्हणजे दंगलगाव. दर्शनी भिंतींची दुकानं, हातात फलक घेतलेले सैनिक, आणि समोर बाकांच्या उतरंडीवर बसून सगळं बघणारे अधिकारी. या चित्रीकरणात माझी नजर बाकांवरच खिळते. समोर गाव ‘जळतंय’ आणि ते टाळ्या वाजवतायत.

दुसरी सवय लावून घ्या: पहिल्या दृश्याच्या आधी काय घडलं असेल, हे विचारायचं. मी पाहिलेल्या बहुतेक फिल्म्समध्ये जमाव आयताच रस्त्यावर असतो. प्रत्यक्षात डेट्रॉइटची ठिणगी २३ जुलैच्या पहाटे एका विनापरवाना दारूच्या अड्ड्यावर पोलिसांनी घातलेल्या धाडीतून पडली, तर नेवार्कची एका टॅक्सीचालकाच्या अटकेतून आणि मारहाणीतून. म्हणून या दंगलींची कारणं शोधायला सरकारने नेमलेल्या केर्नर आयोगाचा १९६८चा अहवाल शेजारी ठेवल्याशिवाय मी एकही फिल्म बघत नाही. या दंगली कुणा संघटनेच्या कटातून झाल्या नव्हत्या, असं आयोगाने स्पष्ट म्हटलं आहे. चुकलेली गोष्ट म्हणजे धाड आणि मारहाण. फिल्म शिकवते ती मात्र त्यानंतरची कवायत. हे अंतर मला अजूनही अस्वस्थ करतं.

मूळ १६ मिमी रीळ हाती आलं तर डबा उघडताच वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे ॲसिटेट, म्हणजे पट्टीचं प्लास्टिक, कुजायला लागलंय. ते रीळ लगेच वेगळं काढा. चित्र गुलाबी पडलं असेल तर बाकीचे रंग उडालेत असं समजा. कडेला छापलेल्या चौकोन-त्रिकोणांच्या खुणांवरून कोडॅकच्या पट्टीचं वर्ष कळतं, पण ते पट्टी बनल्याचं वर्ष, चित्रीकरणाचं नव्हे. शिवाय त्याच खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात. यात फसून मी एका फिल्मची तारीख चुकीची नोंदवली आणि त्यावर बांधलेलं अख्खं प्रकरण पुन्हा लिहिलं. आता मी खुणेबरोबर गाड्यांची मॉडेलं आणि शिरस्त्राणंही ताडून बघते.

सरकारी फिल्म्ससाठी मेरीलँडमधल्या कॉलेज पार्कच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची आधी चाळा. संघीय सरकारने स्वतः काढलेल्या फिल्म्सवर अमेरिकेत स्वामित्वहक्क नसतो. पोलीस खात्यांना विकण्यासाठी खासगी कंपन्यांनी काढलेल्यांचं तसं नाही, तिथे प्रत्येक रिळाचे हक्क वेगळे तपासावे लागतात.

सरावाला एक रीळ घ्या आणि एवढंच शोधा: जमावाला निघून जायला वाट कुठे ठेवलीय? ती मोकळी ठेवा, असं त्या काळचं प्रशिक्षणही सांगत होतं. मी पहिल्यांदा शोधलं तेव्हा निवेदक वाट सोडायला सांगत होता आणि पडद्यावर चारही बाजूंनी रांगा होत्या.