चित्रातून फ्रेंच शिकवताना या चुका टाळा

फ्रेंचचा तास आठवड्यातून एक-दोनदा, वर्गात चाळीस मुलं आणि गावात ही भाषा बोलणारं कुणी नाही. विदर्भातल्या खेड्यातल्या शाळेत अशा वेळी चित्रकलेचा आधार फार मोलाचा ठरतो. मात्र दोन्ही विषय एकत्र घेतले की बहुतेकदा चित्र पुरं होतं आणि फ्रेंच मागे राहतं. ते कुठे राहतं, हे पाहू. (उच्चार इथे देवनागरीत दिले आहेत. फळ्यावर शब्द रोमन लिपीतच लिहा.)

मुलं गप्प बसून रंगवतात

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘आपलं घर काढा आणि खाली फ्रेंच नाव लिहा’ असं सांगितलं की ३५ मिनिटांच्या तासातली ३० मिनिटं रंगात जातात आणि नाव फळ्यावरून उतरवलं जातं. त्या मुलाला फ्रेंच एकदाही ऐकावं लागलेलं नसतं. म्हणून कृती अशी आखा की वाक्य समजल्याशिवाय चित्र पुढे सरकूच नये.

त्यासाठी चित्र-श्रुतलेखन घ्या. साध्या कागदाच्या चार घड्या पाडा, हातात फक्त पेन्सिल ठेवा. सहा वाक्यं सांगा. प्रत्येक दोनदा, नेहमीच्या वेगात. ‘ला वाश ए सू लार्ब्र’, म्हणजे गाय झाडाखाली आहे. ‘ल्वाझो ए स्यूर ल त्वा’, म्हणजे पक्षी छपरावर आहे. याला १२ मिनिटं पुरतात. मग कागदांची अदलाबदल करा. शेजाऱ्याने चित्र पाहून तीच वाक्यं परत म्हणायची. रंग सगळ्यात शेवटी, वेळ उरला तर.

याचा खरा फायदा चुकांत आहे. अर्ध्या वर्गाने पक्षी छपराखाली काढला, तर ‘स्यूर’ (वर) आणि ‘सू’ (खाली) यांतला फरक कानाला कळलेला नाही. शब्दांच्या शेवटी येणारा घशातला ‘र’ हलका असतो, तो निसटतो. आणि ‘स्यूर’मधला स्वर मराठीत नाही, म्हणून मुलं दोन्हीकडे ‘ऊ’ ऐकतात. तिथेच थांबा. मुलांना लांब ‘ई’ म्हणायला लावा, जीभ तशीच ठेवून ओठ फक्त गोल करायला सांगा. तो स्वर आपोआप निघतो. मग पुन्हा तीच दोन वाक्यं, नवा कागद. लाल शाईने खोडण्यापेक्षा हे कितीतरी उपयोगी आहे.

नाकातल्या स्वरांचंही असंच. पांढऱ्या रंगाचा ‘ब्लाँ’ मुलं ‘ब्लांक’ म्हणतात, कारण स्पेलिंग आधी दिसलेलं असतं. आपल्याकडची मुलं हिंदी सहज बोलतात. ‘हाँ’मधला शेवट आठवा म्हटलं की काम होतं. क्रम कायम ठेवा: आधी ऐकणं, मग काढणं, शब्द वाचणं सगळ्यात शेवटी.

लिंगासाठी रंग वापरणं

पुल्लिंगी नावांना निळी चौकट आणि स्त्रीलिंगी नावांना लाल, ही पद्धत सर्रास दिसते. रंगांची नावं शिकवत असाल तर ती घोळ घालते. झाड फ्रेंचमध्ये पुल्लिंगी, म्हणून निळ्या चौकटीत हिरवं झाड असलं की मूल नेमका कोणता रंग म्हणणार? त्यापेक्षा आकार वापरा. पुल्लिंगीला टोकदार कोपऱ्यांची चौकट, स्त्रीलिंगीला गोल कोपऱ्यांची.

मराठी लिंगावर विसंबूही देऊ नका. चंद्र आपल्याकडे पुल्लिंगी, फ्रेंचमध्ये ‘ला ल्यून’ स्त्रीलिंगी. घर नपुंसकलिंगी, तिथे ‘ला मेझों’ स्त्रीलिंगी. पुस्तक नपुंसकलिंगी, ‘ल लिव्र’ पुल्लिंगी. पण पांढरा-पांढरी हा बदल मुलांच्या तोंडी आहेच, त्याचा लाभ घ्या: बैल ‘ब्लाँ’, गाय ‘ब्लाँश’. नारंगी रंगाचं विशेषण मात्र बदलत नाही, अनेकवचनातही त्याला ‘स’ लागत नाही. पळसाच्या फुलांच्या चित्राखाली शिक्षकांकडूनही ही चूक होते.

पोळ्याच्या आठवड्यात बैल रंगवायला घ्या. शिंगं, पाठ, शेपूट आणि चार रंग एवढ्यात पुष्कळ होतं. एक बैल असेल तर ‘बफ’मधला शेवटचा ‘फ’ ऐकू येतो. बैलजोडी झाली की ‘फ’ आणि ‘स’ दोन्ही मुके होतात. मूल जोडीकडे बोट दाखवून ‘फ’ उच्चारत असेल तर तिथल्या तिथे सुधारा.

मोठं चित्र दाखवून नक्कल करायला लावणं

फ्रेंच चित्रकार आंरी रूसोने १८९१ साली रंगवलेला वादळातला वाघ लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रूसो फ्रान्सबाहेर कधी गेला नाही. जंगलातली झाडं त्याने पॅरिसच्या वनस्पती उद्यानात पाहिली. ताडोबाच्या काठच्या मुलांना हे सांगितलं तर ती चित्राकडे बारकाईने बघतील. पण चित्र आधी दाखवू नका. पाच वाक्यांत फ्रेंचमध्ये वर्णन करा, मुलांचा वाघ काढून होऊ द्या, मगच मूळ चित्र उघडा. मग डावीकडे काय, मागे काय, हे प्रश्न फ्रेंचमध्येच येतात. प्रोजेक्टरवर अवलंबून राहू नका, वीज गेली की तास गेला. मोठी रंगीत छापील प्रत जवळ ठेवा.

फ्रेंच चित्रकार मोनेने १८९०-९१ मध्ये गव्हाच्या गंजी वेगवेगळ्या उजेडात रंगवल्या. शेतातली कडब्याची गंजी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी काढायला सांगा, प्रत्येकीखाली वेळ आणि रंग सांगणारं एकच वाक्य. तीन चित्रं, तीन वाक्यं, जास्त नको.

साहित्य आणि गुण

हळदीचा पिवळा उन्हात उडतो आणि साबण किंवा चुना लागला तर लालसर होतो. मग ‘पिवळा’ अशी पाटी फिक्या ठिपक्याखाली लटकत राहते. भिंतीवर टिकवायच्या चित्रांना पोस्टर रंग किंवा तेलखडू वापरा. खळीसाठी एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी घ्या, शिजवून त्याच दिवशी संपवा. मोरचूद घालू नका, तो विषारी आहे.

गुण देताना सुबक चित्राला झुकतं माप मिळतं. १० पैकी ५ बोलण्याला, ३ वर्णनाशी जुळण्याला, २ लेखनाला द्या. सफाईला वेगळा गुण नको.

पाट्या चिकटवण्यापूर्वी अक्षरांवरची आणि खालची चिन्हं तपासा, ती स्पेलिंगचाच भाग आहेत. चुकीची पाटी वर्षभर डोळ्यांसमोर राहते. देवनागरी उच्चार लिहायचाच असेल तर पाटीच्या खालच्या पट्टीवर लिहा आणि दोन आठवड्यांनी ती पट्टी मागे दुमडा.