घरातली अडगळ काढताना या चुका टाळा (आणि पाऊस लागल्यावर तर काढायलाच घेऊ नका)

सांगलीत राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको, जुलै लागला की सकाळी उठल्या उठल्या पाऊस किती पडला हे कोण विचारत नाही, आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी किती फूट झालं ते विचारतात. 40 फूट म्हणजे इशारा, 45 म्हणजे धोका, आणि कोयना धरणातनं किती पाणी सोडलंय ते बघून आमच्या गल्लीत सामान बांधायला सुरुवात होते. काय ठेवायचं नि काय टाकायचं हे ठरवायची ही वेळच नाही बघा, पण आपण सगळे नेमकं तेव्हाच ठरवत बसतो.

आम्ही पण तेच केलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेलं, आमच्या गल्लीत शिरायच्या आदल्या रात्री लाईट गेलेली, मोबाईलच्या उजेडात मी, हे आणि सासूबाई हाताला येईल ते पोत्यात भरून वर नेत होतो. पाणी उतरल्यावर पोती सोडली तर एकात सात डबे आणि अकरा झाकणं, त्यातलं एकाचं एकाला बसत नाही, दुसऱ्यात जळालेल्या मिक्सरची भांडी आणि जुने दिवाळी अंक. आणि घराचं खरेदीखत? ते कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात. पान सुटं करायला गेले की हातात लगदाच येत होता. म्हणजे अडगळ वाचली आणि कागद बुडाला.

म्हणून कागदांचं आधी बघा. मूळ खरेदीखताचा फोटो काढून ठेवला म्हणजे भागलं असं समजू नका, बँक कर्जाला मूळ दस्तच मागते. दस्ताचा नंबर आणि साल मात्र वहीत आणि मोबाईलमध्ये दोन्हीकडे लिहून ठेवा, ते हाताशी असलं की दुय्यम निबंधकांकडनं नक्कल काढणं सोपं जातं. आधार, लायसन वगैरे डिजिलॉकरमध्ये घ्या. बाकी वीजबिलांच्या थप्प्या, बंद पडलेल्या टीव्हीचं वॉरंटी कार्ड, हे सगळं रद्दीत.

दुसरी चूक जास्त मोठी आहे. माळा भरून ठेवणं. आपल्याला वाटतं वर टाकलं म्हणजे सुटलो, पण पुराच्या घरात माळा हीच खरी तिजोरी, आणि ती फुटका हंडा, पाळणा, टीव्हीचं रिकामं खोकं यांनी गच्च असेल तर गहू-तांदूळ, गाद्या, सिलेंडर, पोरांची दप्तरं कुठं ठेवणार? 2021 ला परत पाणी आलं तेव्हा आमचा माळा निम्मा रिकामा होता आणि तासाभरात काम उरकलं. मार्च-एप्रिलमध्ये, ऊन असताना, एका रविवारी एकच फळी घ्या. सगळं घर एकदम काढलं की संध्याकाळी दमून सगळं होतं तसं परत कोंबलं जातं, मी तीन वेळा केलंय.

तिसरी, दुसऱ्याची वस्तू आपण ठरवून टाकणं. मी सासूबाईंची एक विरलेली वाकळ बोहारणीला देऊन स्टीलचं पातेलं घेतलं. सासूबाई फक्त म्हणाल्या, "त्यात माझ्या आईचं लुगडं हुतं गं." बोहारीण तोवर चौकात पोचलेली, पळत जाऊन पातेलं परत दिलं आणि वर पन्नास रुपये मोजले तेव्हा वाकळ घरी आली. तेव्हापासून विचारल्याशिवाय हात लावायचा नाही असं ठरलंय, आणि गंमत म्हणजे विचारलं की त्या स्वतःच निम्म्या वस्तू देऊन टाकतात.

फाटके कपडे "गरिबांना" म्हणून देऊ नका. आमच्याकडे मदतीच्या गाड्यांतनं असली बोचकी आलेली, कुणी हात लावला नाही. त्यांचं फडकं करा.

पाणी उतरल्यावरची चूक उलटी असते. चिखल बघून माणूस चिडतो आणि सगळं रस्त्यावर फेकतो. थांबा, आधी फोटो काढा, पंचनामा होऊ द्या, विमा असेल तर त्यांचा सर्व्हेअर येऊ द्या, मग फेका. भिजलेला फ्रीज-मिक्सर चालतोय का म्हणून प्लग लावून बघू नका, आधी वायरमनला दाखवा. भिजलेले फोटो एकमेकांना चिकटायच्या आत सुटे करून स्वच्छ पाण्यातनं हलकेच काढा आणि सावलीत वाळवा, उन्हात वळतात. लगेच जमत नसेल तर पिशवीत घालून शेजारच्यांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, हसतील, पण नंतर निवांत सोडवता येतात.

आमच्या माळ्यावर आता ती वाकळ, दोन तांब्याचे हंडे आणि मोकळी जागा. म्हणजे होती. यंदा ह्यांनी "तात्पुरता" म्हणून जुना कूलर चढवलाय, त्यावरनं बोलणं चालू आहे.