द्राक्षबागेत संजीवकं वापरताना या चुका टाळा

जीए (जिबरेलिक अॅसिड, वेलीची वाढ घडवणारं एक संजीवक म्हणजे हार्मोन) दिलं तरी मणी फुगत नाही, म्हणून मात्रा वाढवायची आणि पुन्हा मारायचं. नाशिकपासून सांगलीपर्यंत हे दर हंगामात चालतं. मुळातली चूक इथेच होते, कारण आपण संजीवकाला खत समजतो. खत हे अन्न आहे. संजीवक वेलीला फक्त निरोप देतं आणि तो ऐकायच्या स्थितीत वेल नसेल, तर मात्रा वाढवून काही साधत नाही.

थॉमसन सीडलेसच्या मण्यात बी धरायला सुरुवात होते, पण अर्ध्यावरच त्याची वाढ थांबते. बियांच्या द्राक्षात मणी फुगवणारं जिबरेलिन मुख्यतः बियाच पुरवतात. इथे तो पुरवठा तुटतो, म्हणून आपण बाहेरून जीए, म्हणजे जिबरेलिनच, देतो. पण फुगवायला लागणारी साखर पानांतूनच येते. घडामागे पुरेशी निरोगी पानं नसतील किंवा वेलीवर घडच जास्त ठेवले असतील, तर आधी विरळणी करा.

सगळ्यात महाग पडते ती अवेळी दिलेली फवारणी. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर (नवी काडी तयार करण्यासाठीची छाटणी) काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होत असतात. त्या टप्प्यावर डोळ्यातला तोच अंकुर घड होऊ शकतो किंवा बाळी (वेल आधाराला गुंडाळते तो तंतू). सायटोकायनिनचं (पेशींचं विभाजन वाढवणारं संजीवक) पारडं जड असेल तर घड, जिबरेलिनचं असेल तर बाळी. म्हणून या काळात जिबरेलिन असलेलं कोणतंही ‘टॉनिक’ बागेत नको. बाटलीवर घटक छापलेले नसतील तर ती घेऊच नका. एवढी एक गोष्ट पाळली तरी पुढच्या पिकाचा मोठा धोका टळतो.

ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की घड जिरतात, त्याचं कारणही याच तोलात आहे. सायटोकायनिन प्रामुख्याने पांढऱ्या मुळीच्या टोकाशी बनतं. पाणी साचलं, मुळीला हवा मिळेना, की वरचा पुरवठा घटतो. ढगाळ हवेत शेंडा मात्र पळतो आणि घडाची बाळी होते. अशा वेळी नुसतं सहा-बीए (बाहेरून द्यायचं सायटोकायनिन) मारून भागत नाही. चर काढून पाणी बाहेर काढा, नत्र थांबवा, शेंडा खुडा.

शेंडा रोखायला सीसीसी (क्लोरमेक्वाट क्लोराइड, वाढ रोखणारं रसायन) वापरतात, कारण ते वेलीतलं जिबरेलिन बनणंच अडवतं. पण ते वेलीत दीर्घकाळ टिकतं. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि निर्यातदारांना व बागायतदारांना मोठा फटका बसला. निर्यातीचा माल असेल तर हा मोह टाळाच.

आता पाणी. विहिरी-बोअरचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं, आणि त्यात जीएचा परिणाम घटतो. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आणा, सायट्रिक अॅसिड चालतं. जीएची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या अॅसिटोन किंवा अल्कोहोलमध्ये विरघळवा. हिशेब सोपा आहे: १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम शुद्ध जीए म्हणजे १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग). पावडर ९० टक्क्यांची असेल तर १.१ ग्रॅम घ्या. चिमटीच्या अंदाजाने टाकू नका, छोटा डिजिटल काटा ठेवा. भर दुपारी फवारलं तर द्रावण लगेच सुकतं आणि शोषण कमी होतं, म्हणून सकाळ किंवा संध्याकाळ गाठा.

शेजाऱ्याच्या तारखा पाहून डोस ठरवू नका. फवारणी घडाच्या अवस्थेवर ठरते. पोपटी अवस्थेत (घड कोवळा, पोपटी रंगाचा असताना) घड मोकळा करण्यासाठीचा डोस कमी पीपीएमचा असतो. तो वाढला की घड वेडावाकडा होतो. मणी फुगवण्याची बुडवणी मण्याचा व्यास मोजून करा, आणि त्यातही अतिरेक झाला तर देठ जाड व कडक होऊन काढणीनंतर मणीगळ वाढते. सीपीपीयू (मणी फुगवायला वापरतात ते सायटोकायनिनसारखं संजीवक) जास्त झालं तर साल जाड होते, साखर उशिरा भरते. शरदसारख्या रंगीत वाणात रंगही रखडतो, म्हणून तिथे आधी मोजक्या वेलींवर करून बघा आणि मगच टाकी भरा.