अमेरिकेतल्या चिमुकल्या बेटावरच्या सरकारी शाळेत मूल घालायचंय? मग आधी हे करून घ्या

नोकरीमुळे म्हणा किंवा हौसेनं म्हणा, बेटावर राहायला जायचं ठरलं की सगळे आधी घर बघतात, आम्हीही तेच केलं. पण मुलं असतील तर घराच्या आधी शाळेत फोन करा. आमची दोन पोरं गेली तेव्हा शाळेचा पट सातावरून नऊ झाला, आणि एवढ्या फरकानं तिथे टीचरचं वेळापत्रक बदलतं, बजेट बदलतं, कधीकधी शाळा चालू राहणार की नाही हेसुद्धा बदलतं. मॅसॅच्युसेट्समधल्या कटीहंक बेटावरच्या शाळेतली शेवटची विद्यार्थिनी २०१९ ला आठवी पास झाली आणि मग तिथे शिकायला कुणी उरलंच नाही. म्हणून तुम्ही येताय हे त्यांना जितकं लवकर कळेल तितकं बरं.

फोनवर पहिला प्रश्न हाच विचारा की शाळा कितवीपर्यंत आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या शॉ बेटावर फक्त आठवीपर्यंत शाळा आहे, पुढे हायस्कूलसाठी पोरं फेरीनं, म्हणजे प्रवासी बोटीनं, शेजारच्या बेटावर जातात. मेरीलँडच्या स्मिथ आयलंडची हायस्कूलची मुलं रोज बोटीनं क्रिसफिल्डला जातात. मेन राज्यात ज्या गावाला स्वतःचं हायस्कूल नाही ते गाव दुसऱ्या शाळेची ट्यूशन, म्हणजे शिकवण्याची फी, भरतं, ही सोय खरंच चांगली आहे, पण ट्यूशन म्हणजे राहायचा खर्च नव्हे हं, तो कोण देणार ते वेगळं विचारा. १४ वर्षांचं पोर आठवडाभर दुसऱ्याच्या घरी राहणार असेल तर तो निर्णय आठवीच्या मे महिन्यात घ्यायचा नसतो, सहावीतच बोलायला लागा. उलटीही उदाहरणं आहेत म्हणा, न्यूयॉर्कच्या फिशर्स आयलंडच्या शाळेत कनेक्टिकटमधली मुलं फेरीनं येतात, म्हणजे मुख्य जमिनीवरून बेटाकडे.

कागदपत्रं इतर कुठल्याही सरकारी शाळेसारखीच, पत्त्याचा पुरावा, जन्मदाखला, लसीकरणाची नोंद, आधीच्या शाळेचे रेकॉर्ड्स. व्हिसाची भीती बाळगू नका, इमिग्रेशन स्टेटसवरून सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, सुप्रीम कोर्टाचा १९८२ चा निकालच आहे तसा. पत्त्याच्या बाबतीत मात्र काळजी घ्या, उन्हाळ्यापुरतं भाड्यानं घेतलेलं घर आणि वर्षभर राहायचं घर यात फरक करतात, त्यामुळे लीजवर तारखा स्पष्ट लिहून घ्या.

आता वर्गाबद्दल, कारण आईबाप सगळ्यात जास्त इथेच घाबरतात. एकाच खोलीत पहिली ते आठवी, मग माझं मूल मागे पडेल का? मी एकदा सकाळभर मागच्या बाकावर बसून बघितलं. टीचरनं पाचवीच्या पोराला अपूर्णांकांची गणितं दिली, सातवीच्या मुलीला प्रयोगाची वही लिहायला बसवलं आणि स्वतः पहिलीच्या दोघांसोबत खाली सतरंजीवर बसल्या, दहा मिनिटांनी अपूर्णांकवाला अडला तर सातवीची मुलगी आपली वही सोडून त्याच्याशेजारी जाऊन बसली, कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हा तुम्हीही भेट मागा आणि अर्धा तास नाही, पूर्ण सकाळ बसा. टीचरला विचारायचं ते हे, की माझ्या मुलाच्या इयत्तेत दुसरं कुणी आहे का, नसेल तर गणित आणि वाचनात ते कुठवर पोचलंय हे कसं तपासता. आणि टीचर किती वर्षं टिकल्यात हेही विचारा, कारण एकच टीचर बदलली की अख्खी शाळा बदलते.

मुलाला स्पीच थेरपी किंवा इतर मदत लागत असेल तर हा भाग नीट वाचा. डिस्ट्रिक्ट, म्हणजे सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, कितीही छोटा असला तरी १९७५ च्या कायद्यानं ही मदत फुकट द्यावीच लागते, 'आमच्याकडे माणूस नाही' हे उत्तर चालत नाही. अडचण येते ती बोटीची. थेरपिस्ट बाहेरून आठवड्यातून एकदा येते, धुकं पडलं की फेरी रद्द, सेशन बुडालं. आमचे एका हिवाळ्यात लागोपाठ तीन बुडाले आणि कुठे लिहिलेलं नसल्यामुळे कुणी भरून दिले नाहीत, मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून आयईपीमध्ये, म्हणजे मुलाला कुठली मदत मिळणार हे ठरवणाऱ्या शाळेच्या लेखी योजनेत, लिहूनच घ्या की बोट रद्द झाली तर सेशन व्हिडिओवर होईल किंवा पुढच्या आठवड्यात भरून मिळेल.

फेरीचं हिवाळ्याचं टाइमटेबल बघा, उन्हाळ्याचं नाही. मेनच्या मॅटिनिकस बेटाला हिवाळ्यात सरकारी फेरी साधारण महिन्यातून एकदाच जाते. दात, डोळे, डॉक्टर सगळं त्याप्रमाणे ठरवावं लागतं.

आणि शाळेच्या बोर्डाच्या मीटिंगला जा, पहिल्या महिन्यापासून जा. मेनमधल्या कितीतरी छोट्या गावांत गावसभेत लोक हात वर करून खर्च मंजूर करतात, तिथे चार हातांनी निकाल फिरतो. रोजची सरासरी हजेरी ६०० च्या खाली असलेल्या ग्रामीण डिस्ट्रिक्ट्ससाठी केंद्राचं वेगळं अनुदान असतं, त्याचा अर्ज भरला का, एवढं विचारलंत तरी उपयोग होतो, कारण अशा ठिकाणी एकच माणूस हिशोब, अर्ज, बस, सगळं बघत असतो आणि एखादी गोष्ट राहून जाते.

बेट सोडायचं ठरलं तरी बजेटच्या आधी सांगा. आम्ही फेब्रुवारीतच सांगितलं. टीचरनं काही न बोलता टेबलावरची वही उघडली, नवाचा सात केला आणि मग विचारलं, मुलांना कपाटातली कुठली पुस्तकं सोबत न्यायची आहेत.