अनारदाणा घरी कसा कुटायचा आणि छोल्यात कधी घालायचा

पंजाबी छोल्यांना जो आंबटपणा असतो ना, चिंचेचाही नाही आणि आमचूरचाही नाही, तो अनारदाण्याचा, म्हणजे आंबट रानडाळिंबाच्या वाळवलेल्या दाण्यांचा. हिमाचल, जम्मू, उत्तराखंडच्या कोरड्या डोंगरउतारांवर रानडाळिंबाची काटेरी झुडपं आपोआप उगवतात, हिमाचलात त्याला दाडू म्हणतात, फळ लहान, साल जाड आणि दाणे असे की एक चावला तरी डोळे मिटतात. पावसाळा सरता सरता लोक फळं तोडतात, दाणे सोडवून उन्हात वाळवतात, झाला मसाला.

मी आधी शहाणपणा केला. सांगोल्याच्या भगवा जातीच्या गोड डाळिंबाचे दाणे गच्चीवर वाळवले, आठ दिवस कबुतरं हाकलली, आणि हाती काय तर गोड मनुका! भगवा खायला झकास, पण आंबटपणाच नाही तर मसाला कसला होणार, म्हणून सरळ विकत आणा.

घेताना काळपट-तांबडा, हाताला किंचित चिकट लागणारा घ्या. पांढऱ्या पापुद्र्याचे तुकडे दिसले तर निवडून टाका, ते तुरट लागतात.

आता कुटणं, इथेच सगळे फसतात कारण दाण्यात साखर असते आणि मिक्सरमध्ये त्याचा गोळा होतो. मंद आचेवर कोरड्या तव्यात दोन-तीन मिनिटं परता, ओलसरपणा गेला की बास, जाळू नका. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या (गरम असताना फिरवलंत तर भांडं घासत बसाल), त्यात चमचाभर जिरं घाला आणि थांबत थांबत फिरवा. बी कडक असते म्हणून चाळून घ्या, चाळणीत उरलेलं परत फिरवा. थोडाच करा, काचेच्या घट्ट बरणीत ठेवा, दमट हवेत त्याचा खडा होतो.

वाटीभर कोरड्या काबुली चण्यांना दोन छोटे चमचे पुरतात, पण चणे पूर्ण शिजल्यावरच घाला, आंबट आधी पडलं की चणे मऊ व्हायला फार वेळ लावतात आणि मग आपण कुकरला शिव्या घालतो.

आलू पराठ्याला पूड नको, खलबत्त्यात जाडसर ठेचा. पुदिन्याच्या चटणीला तर भाजायचीही गरज नाही, चमचाभर दाणे वीस मिनिटं पाण्यात भिजवून पाण्यासकट वाटा, लिंबू पिळायचं नाही.